जागा एक, वस्तू दोन

१

तपासनीस नेमकं काय काम करतो, हे त्याच्या सासरच्या माणसांना लग्नाला अठरा वर्षं झाली तरी कळलेलं नव्हतं. "कंप्युटरमध्ये आहेत," एवढं सांगून ते मोकळे व्हायचे. ऑफिसात त्याला सगळे तपासनीसच म्हणत. खरं नाव हजेरीपुरतं.

काम तसं सोपं होतं. त्यांच्या कंपनीची सिस्टीम कुणी आपल्या मशीनवर टाकली, की शेवटी पडद्यावर एक प्रश्न येई: 'आपल्या मशीनची माहिती आम्हाला पाठवायची का?' शंभरातले साठ जण न वाचताच 'हो' दाबून टाकत. मग त्या मशीनच्या पोटात काय काय आहे याची यादी तपासनिसाकडे येई. पडदा, कॅमेरा, आवाज, प्रिंटर, वाय-फाय, एकेका वस्तूची एकेक ओळ. मालकाचं नाव नाही, गाव नाही, वर फक्त एक लांबलचक आकडा. तपासनिसाने प्रत्येक ओळीवर शिक्का मारायचा. म्हणजे बटणच दाबायचं, पण जुन्या माणसांनी शिक्का म्हटलं म्हणून शिक्का. शिक्के तीन: 'चालतं', 'चालत नाही' आणि 'सोडलं'.

तिसरा शिक्का जड होता. दुपारी तीन वाजता यादी जगभर जायची, आणि 'सोडलं' म्हटलेल्या वस्तूला त्यानंतर कुठलंच मशीन विचारत नसे. वस्तू मोडत नसे, जळत नसे. असायची तिथेच असायची.

एक नियम मात्र पहिल्याच दिवशी घोकून घेतला जाई. मशीनमध्ये प्रत्येक वस्तूला एक जागा नेमलेली असते. कधी दोन वस्तू एकाच जागेवर हक्क सांगतात आणि मग दोन्ही अडून बसतात. अशा वेळी डोकं चालवायचं नाही, जुनी सोडायची. अकरा वर्षांत तपासनिसाने अशा हजारो जुन्या वस्तू सोडल्या होत्या आणि त्याची झोप एकदाही उडाली नव्हती.

२

मंगळवारी सकाळी त्याने सत्ताविसावा रिपोर्ट उघडला. पडदा चालतो, कॅमेरा चालतो. आवाजाच्या ओळीपुढे तक्रारीसाठी एक रिकामा चौकोन असतो. लोक त्यात काय वाटेल ते लिहीत. एकाने 'सासू' एवढंच लिहिलं होतं, तेव्हा ऑफिस आठवडाभर हसत होतं. या रिपोर्टात लिहिलं होतं: 'टप, घस. टप, घस. दिवसभर. बंद करता येईल का?'

तपासनीस हसला, आणि मग त्याचं हसू ओठांवरच वाळलं.

टप, घस हा अण्णांचा आवाज होता. अण्णा म्हणजे त्याचे वडील. आयुष्यभर घड्याळं दुरुस्त केली, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी गुडघ्यांनी दगा दिला, आणि बायको गेल्यावर गेल्या वर्षी ते लेकाकडे राहायला आले. घर दोन खोल्यांचं. एक नवरा-बायकोची, एक लेकीची. अण्णांचा पलंग लेकीच्या खोलीत लागला. ते वॉकर धरून चालायचे. वॉकर उचलून पुढे ठेवला की टप, मागून पाय ओढला की घस.

घरच्या मशीनवर आठ दिवसांपूर्वी त्याने स्वतःच नवी सिस्टीम टाकली होती, आणि सवयीने 'हो' दाबलं होतं. म्हणजे रिपोर्ट घरचाच आणि लिहिणारी लेक, हे उघड होतं. संध्याकाळी त्याने लेकीला गाठलं.

"ऑफिसच्या चौकोनात काहीबाही लिहितेस होय गं?"

"कुठला चौकोन?" लेकीने पुस्तकातून मान वर केली. पंधरा वर्षांची पोर, दोन महिन्यांवर परीक्षा. "मी काही लिहिलं नाही."

"टप, घस असं?"

तिने दाराकडे पाहून आवाज खाली आणला. "मला वाटतं तसं, बाबा. खोटं कशाला बोलू? वाचलेलं डोक्यात राहत नाही. पण मी लिहिलं नाही."

तेवढ्यात अण्णा आलेच. वॉकरवर रेलून त्यांनी विचारलं, "माझ्यावरून चाललंय का?"

"नाही हो अण्णा. तुमचं आपलं काहीतरीच."

अण्णा हसले. आपल्यावरून चाललंय हे ओळखूनही हसण्याची कला म्हातारपणी शिकावीच लागते.

३

बायको वाईट नव्हती, फक्त तिला मनातलं मनात ठेवता येत नसे. गुरुवारी डबा भरताना ती म्हणाली, "अहो, दोनच महिने. अण्णांची कुठे सोय झाली असती तर पोरीचं वर्ष वाचलं असतं."

"कुठे सोय? बहिणीकडे पाठवू, की फूटपाथवर?"

"मी तसं म्हटलं का? तुम्ही बघा काहीतरी."

"बघतो," तो म्हणाला. हे 'बघतो' त्याने वर्षभरात इतक्या वेळा म्हटलं होतं की बायकोने डब्याचं झाकण लावताना मानही वर केली नाही.

त्या दिवशी पावणेतीनच्या सुमाराला तोच आकडा पुन्हा आला. वरच्या ओळी नेहमीच्याच. शेवटी एक ओळ जास्त होती.

'खोली दोन. दोन वस्तू एकाच जागेवर हक्क सांगतात. पहिली: अठ्ठ्याहत्तर वर्षं. दुसरी: पंधरा वर्षं. दोन्ही अडल्या आहेत.'

तपासनीस पाणी प्यायला. पंख्याची करकर त्याला एकदम मोठी वाटू लागली. शेजारच्या टेबलावर बसणाऱ्याला सगळे शंकासुर म्हणत, कारण त्याला स्वतःच्या चहातल्या साखरेचीही शंका यायची. पण नेमकी आज त्याला काही शंका आली नाही.

"टवाळ कार्टं असेल कुणाचं तरी," शंकासुर वाकून पाहत म्हणाला. "मिटव आणि हो मोकळा."

"काढून टाकू का?"

"आलेला रिपोर्ट काढायचा नाही, हे मी तुला शिकवायचं? शिक्का मार. तीनच्या आत."

विभागाच्या मॅडमनी काचेच्या केबिनमधून घड्याळाकडे बोट दाखवलं. तीनला दहा कमी.

चेष्टेला चेष्टेनेच उत्तर द्यायचं, असं त्याने स्वतःला बजावलं. वस्तू दोन, जागा एक, नियम ठरलेला. त्याने पहिलीवर 'सोडलं' मारलं. बोट अडखळलंसुद्धा नाही.

चेष्टाच करायची होती तर दोन्हींवर 'चालतं' मारता आलं असतं. ते त्याला सुचलं नव्हतं असं नाही. चांगलं सुचलं होतं.

४

घरी आला तेव्हा टप, घस चालूच होतं. त्याचा जीव भांड्यात पडला. बूट काढता काढता स्वतःच्या भित्रेपणाचं त्याला हसूही आलं.

अण्णा स्वयंपाकघराच्या दारात उभे होते. "सूनबाई, घोटभर पाणी देतेस?"

बायको त्यांच्या अंगावरून, अगदी खांदा घासून गेली आणि ओट्याशी उभी राहून काहीतरी गुणगुणू लागली. लेक आली. वॉकर वाटेत होता, तो तिने पायाने बाजूला सारला आणि फ्रीज उघडला. अण्णांचा तोल गेला, त्यांनी चौकट धरली.

अबोला, तपासनिसाने ताडलं. मायलेकींनी म्हाताऱ्यावर अबोला धरलाय. त्याचं टाळकंच फिरलं.

"लाज नाही वाटत? म्हातारं माणूस पाणी मागतंय!"

बायको वळली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, नुसता गोंधळ होता. "कोण म्हातारं माणूस?"

"अण्णा!"

"कोण अण्णा?"

"माझे वडील. तुझे सासरे. हे काय इथे उभे आहेत!"

तिने तो दाखवत होता तिकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. खोलीत आपण कशाला आलो होतो हे विसरल्यावर माणूस कपाळाला आठ्या घालतो, तशा तिने घातल्या. "तुमचे वडील तर..." ती म्हणाली आणि थांबली. वाक्याचं पुढलं टोक तिला सापडेना. मग तिने मान झटकली. "दूध उतू जाईल," म्हणाली आणि गॅसकडे वळली.

पाणी तपासनिसाने दिलं. अण्णांनी एका दमात पेला रिकामा केला.

"सकाळपर्यंत बोलत होत्या रे," ते हळूच म्हणाले. "दुपारी तीनच्या सुमारास काय बिनसलं, कळत नाही. माझं काही चुकलं का?"

"नाही अण्णा," तपासनीस म्हणाला. आयुष्यात एवढं खरं तो क्वचितच बोलला होता.

५

सोडलेली वस्तू परत यादीत घ्यायची तर तीन मशीनांनी तिला ओळखावं लागतं, हा दुसरा नियम. दोघांनी ओळखून चालत नाही. घरात माणसं तीन. एक तो स्वतः. राहिल्या दोघी.

शुक्रवारी त्याने रजा टाकली आणि दिवसभर दोघींची मनधरणी केली. पालथ्या घड्यावर पाणी. भिंतीवरच्या फोटोतल्या चौघांपैकी बायको तिघांवर बोट ठेवी आणि चौथ्यापाशी आली की तिचं बोट आपसूक पुढे सरके. शेवटी त्याने लेकीला हाताला धरून खोलीत नेलं. अण्णा पलंगावर बसले होते. त्याने तिचा पंजा उघडून अण्णांच्या हातावर ठेवला.

"काय लागतंय हाताला? सांग."

"बाबा, दुखतंय. सोडा."

"सांग आधी!"

तिने डोळे मिटून चाचपून पाहिलं. अण्णा श्वास रोखून नातीच्या तोंडाकडे बघत होते. त्यांचे डोळे भरून आले होते.

"गार आहे," ती म्हणाली. "पलंगाचा दांडा आहे."

आणि तिला रडू फुटलं, बापाच्या भीतीने. बायको धावत आली, पोरीला पोटाशी धरलं, आणि नवऱ्याकडे तिने असं पाहिलं की त्याची नजर खाली गेली.

"राहू दे रे," अण्णा म्हणाले. "पोरीला घाबरवू नकोस. मला काय, तू आहेस ना."

त्या वाक्याने त्याला धीर यायला हवा होता. आली ती धास्ती.

शनिवारी अर्धा दिवस भरून तो घरी आला तर दारात भंगारवाल्याची हातगाडी उभी. गाडीवर पलंग होता आणि पलंगावर उलटा टाकलेला वॉकर. बायको घाम पुसत म्हणाली, "कुणाचा कोण जाणे, वर्षभर अडगळ करून बसला होता. आता बघा पोरीची खोली कशी मोकळी झाली!"

तो आत धावला. अण्णा कपाट आणि अभ्यासाचं टेबल यांच्या मधल्या फरशीवर कुशीवर पडले होते. पलंग ओढताना ते त्याच्यासकट थोडे ओढले गेले आणि मग घसरून खाली आले असावेत.

"मी हाका मारत होतो," ते म्हणाले. "गडी चांगला होता पण. मला ओलांडून जाताना जपून पाय टाकत होता. त्याला कळलं असेल का रे काही?"

तपासनिसाने त्यांना उठवायचा प्रयत्न केला. कमरेखाली त्यांचं अंग उचललंच जाईना. त्याने एक चादर आणून खाली सारली. भात कालवून आणला आणि दोन-चार घास भरवले.

"बाबा," दारातून लेक म्हणाली, "फरशीवर भात का टाकताय?"

६

सोमवारी ऑफिसच्या दारात वॉचमनने हात आडवा केला. "कुणाला भेटायचंय साहेब?"

"अरे, मी!"

वॉचमन दचकला, ओशाळला. "माफ करा, लक्षातच आलं नाही." पण हात खाली घ्यायला त्याला जरा जास्तच वेळ लागला.

वर मॅडम कुणाला तरी विचारत होत्या, "ही खुर्ची रिकामी का ठेवलीय?" तपासनीस जाऊन तिच्यावर बसला तेव्हा त्या "अच्छा, अच्छा" म्हणाल्या, आणि तरीही क्षणभर तिथेच घुटमळल्या.

तोच आकडा आला होता. या वेळी वरच्या ओळी नव्हत्याच. ना पडदा, ना कॅमेरा. एकच मजकूर:

'सोडलेली वस्तू एका मशीनला अजून दिसते. त्या मशीनला विचारा: दिसते का? हो. नाही.'

त्याने शंकासुराला विचारलं. सहज विचारल्यासारखं. "बाकी कुणालाच दिसत नाही आणि एकाच मशीनला दिसते, असं झालं तर काय करायचं?"

"एवढं साधं विसरलास?" शंकासुर जांभई देत म्हणाला. "तर मग वस्तू नाहीच. ते मशीन नासलंय. मशीन सोडायचं."

"मशीनच?"

"मग? नासकं मशीन ठेवून यादी खराब करायची का?" त्याने मान वळवून तपासनिसाकडे पाहिलं. आठ वर्षं दोघांनी शेजारी बसून डबे खाल्ले होते. शंकासुराच्या कपाळावर आठ्या आल्या, बायकोच्या कपाळावर आल्या होत्या तशाच. "आणि आपण... आपण कुठल्या विभागातले?"

तपासनीस उठला. पडद्यावर 'हो' आणि 'नाही' तसेच उभे होते. दोन्हींपैकी एकही न दाबता तो जिना उतरला. अकरा वर्षांत पहिल्यांदा त्याने रिपोर्ट उघडा टाकला होता. मी मेलो तरी 'नाही' म्हणणार नाही, असं तो प्रत्येक पायरीला मनात म्हणत होता, आणि ते त्याला खरंही वाटत होतं. बाप होता तो त्याचा. सायकलच्या दांड्यावर बसवून शाळेत सोडलं होतं त्या माणसाने.

खाली वॉचमनने त्याच्याकडे पाहिलंच नाही.

७

दार बायकोने उघडलं. साखळी काढली नाही.

"कोण पाहिजे?"

"अगं, मी आहे."

फटीतून ती त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळत होती. तिच्या डोळ्यांत ओळख नव्हती, आणि भीती हळूहळू येत होती. "साहेब ऑफिसात आहेत," ती म्हणाली. मग तिचा आवाज अडखळला. "म्हणजे... आमच्याकडे साहेब..." कपाळावर त्या आठ्या पडल्या. तो बघत होता. आपलं नाव तिच्या तोंडातून निघून जाताना तो उघड्या डोळ्यांनी बघत होता.

"दूध उतू जाईल," ती म्हणाली आणि दार तसंच टाकून आत गेली.

त्याने फटीतून हात घालून साखळी काढली. स्वतःच्या घरात चोरासारखा शिरला. हॉलमधल्या फोटोकडे पाहायचं त्याने टाळलं.

लेकीच्या खोलीचं दार उघडं होतं. ती टेबलाशी पाठमोरी उभी राहून पुस्तकं लावत होती. टेबलाखालून अण्णांचा चेहरा दिसत होता. दाढी वाढलेली, ओठ सुकलेले. एक हात खुर्चीच्या दिशेने फरशीवर पसरला होता. त्याला पाहताच त्यांचे डोळे लकाकले.

"आलास?" ते म्हणाले. "मला जरा उठव रे. सकाळी तू कूस बदलून गेलास, तेव्हापासून असाच आहे."

तपासनिसाने पाऊल पुढे टाकलं. लेक गर्रकन वळली.

"कोण तुम्ही?" ती किंचाळलीच. पुस्तक छातीशी धरून ती भिंतीला टेकली. "आई! आई, घरात कोणीतरी..."

"अगं बाळा, मी..."

"कुणाकडे बघताय तुम्ही? खाली कोण आहे? कुणाकडे बघताय?"

 त्याचीच पोर. जन्मली तेव्हा नर्सने आधी त्याच्याच हातात दिलेली. तिने एकदा 'बाबा' म्हणावं, बस, आणखी काही नको, असं त्याला आतून पिळवटून वाटलं. खालून अण्णा त्याच्याकडे पाहत होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. उभ्या आयुष्यात घड्याळं उघडून कुठलं चाक कशाने अडलंय ते हेरणारा माणूस तो. त्यांना कळलं असावं. त्यांनी हळूहळू मान हलवली. हो म्हणून की नको म्हणून, ते तपासनिसाला सांगता आलं नसतं. त्याने पाहिलं नाही. नजर उचलून त्याने समोरच्या कपाटावर ठेवली.

"कुणाकडे नाही," तो म्हणाला. "खाली कोणी नाही."



"बाबा?" लेक म्हणाली. तिच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला, पुस्तक खाली आलं. "आज लवकर कसे? केवढी दचकले मी!"

स्वयंपाकघरातून बायकोचा आवाज आला, "अहो, चहा टाकू का?"

"टाक," तपासनीस म्हणाला. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. सुटल्याच्या आनंदाचं होतं ते, आणि हे त्याचं त्याला पक्कं ठाऊक होतं.

लेक हसली, खुर्ची पुढे ओढून बसली आणि वही उघडली. मग तिने एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे डुलून पाहिलं.

"बाबा, बघा ना. खुर्ची डगमगतेय."

त्याने खाली पाहिलं नाही. खालून एक श्वास आत ओढल्याचा आवाज आला, आणि पुढे काहीच आलं नाही. अण्णांनी तो श्वास धरून ठेवला होता. पोर घाबरू नये म्हणून.

तपासनिसाने खुर्चीच्या पाठीवर दोन्ही हात ठेवले आणि सगळा भार टाकून दाबलं.

"आता?" त्याने विचारलं.

"हां," लेक म्हणाली. "आता बसली."